तारखेप्रमाणे

आमच्या ऑफिसात एक नियम होता. कोशातला पहिला शब्द सगळ्यात शेवटी लिहायचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेत अर्थ सांगणारा मोठा कोश करायला बसलं, की पहिल्याच पानावर ‘ए’ उभा असतो. पोरंसोरं शाळेत पहिल्या दिवशी शिकतात तेच अक्षर, पण त्याचा अर्थ लिहायला घेतला की भल्याभल्यांची बोबडी वळते. हत्ती म्हणजे काय ते चार ओळींत सांगता येतं. ‘ए’ म्हणजे काय ते सांगायला आमच्याकडे चारशे बारा कार्डं जमली होती, आणि तरी कोणाला म्हणवत नव्हतं की झालं.

ज्यांनी हे काम सुरू केलं ते आमचे थोरले साहेब म्हणायचे, “मोठे शब्द तरुणांना द्या, छोटे शब्द म्हाताऱ्यांना.” म्हणून ‘ए’ वर्षानुवर्षं राखून ठेवला होता. तो माझ्या बायकोने मागून घेतला. ती निवृत्त झाली तेव्हा लोक म्हणाले, बाई, सत्कार करू, काय हवं ते सांगा. ती म्हणाली, “सत्कार नको. ए द्या.”

आमच्या कोशात प्रत्येक शब्दाखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं छापतात. तिची आद्याक्षरं हजारो शब्दांखाली आहेत. पण तिला ती पहिल्या पानावर, पहिल्या शब्दाखाली हवी होती. बाई हावरट नव्हती. जन्मात एवढी एकच हाव तिने केली.

आता आमचं काम कसं चालायचं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक कार्डावर एक वाक्य. पुस्तकातून, वर्तमानपत्रातून, औषधाच्या बाटलीवरून, जिथे तो शब्द भेटला तिथून उतरवलेलं. वर उजव्या कोपऱ्यात तारखेचा शिक्का. डब्यात कार्डं तारखेप्रमाणे असतात. लिहिणारा ती टेबलावर पसरतो आणि अर्थाप्रमाणे लावतो, या अर्थाची ही गड्डी, त्या अर्थाची ती. गड्ड्या नीट लागल्या की शब्द झाला म्हणायचं. पुढचं लिहिणं म्हणजे नुसती हमाली.

ती मांडणी तपासणारा मी. तीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही. हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती फिरायचं, म्हणजे चुकून एखादं कार्ड हलत नाही. मांडणी बरोबर असेल तर प्रत्येक गड्डीच्या वरच्या कार्डावर लाल पेन्सिलीने खूण करायची आणि गड्डीला फीत बांधायची. चुकली असेल तर एक शब्द बोलायचा नाही. सगळी कार्डं गोळा करायची, पुन्हा तारखेप्रमाणे लावून डब्यात भरायची, आणि डबा लिहिणाऱ्यापुढे ठेवून निघून यायचं. त्याने काय ते समजायचं. हाही थोरल्या साहेबांचाच नियम. “चूक दाखवली तर माणूस तेवढीच सुधारतो,” ते म्हणायचे. “नाही दाखवली तर सगळं पुन्हा तपासतो.” मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटायचं.

माझ्या बायकोची पहिली मांडणी मी चार वेळा परत ठेवली. तेव्हा ती बायको नव्हती. जाड चष्म्याची, नुकती लागलेली एक मुलगी होती. दरवेळी डबा पुढे आला की म्हणायची, “बरं.” पाचव्यांदा मी खुणा केल्या, तर तरातरा माझ्या टेबलाशी आली. “तिसऱ्यांदाच बरोबर होतं,” म्हणाली. मी म्हटलं, दाखव. तिने कार्डं घेतली आणि तिसऱ्या वेळची अख्खी मांडणी न चुकता जशीच्या तशी लावून दाखवली. एकदा लावलेलं ती विसरत नसे. बघितलं तर तिसऱ्यांदा बरोबर नव्हतंच. पण इतक्या ठामपणे चुकणारी मुलगी मी पाहिली नव्हती. दोन महिन्यांत आमचं लग्न ठरलं.

लग्नाआधी तिने एकच अट घातली. “घरचं टेबलावर आणायचं नाही. चुकलं की परत. बायको म्हणून कधी खूण केलीत, तर तुमच्या हातचा चहा पिणार नाही.” मी कबूल केलं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशीच तिचा एक डबा परत ठेवला. लोकांनी मला नावं ठेवायचं बाकी ठेवलं नाही. ती म्हणाली, “बरं,” आणि लग्नानंतर चौथ्या दिवशी येऊन पहिल्यापासून लावायला बसली. मूलबाळ झालं नाही. कोश हेच तुमचं मूल, असं कोणी म्हणालं की मी त्याला चहा विचारत नसे.

‘ए’चा डबा घरी आला तेव्हा ती स्वयंपाक करताकरता त्याच्याबद्दल बोलायची. “अहो, दिसायला एक घर आहे, पण आत तीन चुली आहेत.” पहिली चूल उपपदाची, म्हणजे शाळेत ज्याला आर्टिकल म्हणतात त्याची. ते मूळचं ‘एक’. नामापुढे स्वतंत्र उभं राहतं, ओळख नसलेल्या माणसाला आत आणून सोडतं. दुसरी चूल उपसर्गाची. इथे ‘ए’चा उच्चार ‘अ’, तो स्वतंत्र राहत नाही, शब्दाच्या तोंडाला चिकटतो. स्लीपला लागला की अस्लीप, फ्लोटला लागला की अफ्लोट. झोपेत असलेला, पाण्यावर असलेला. तिसरी चूल परक्या देशातून आलेल्या नकाराची, जो मॉरलपुढे बसून त्याचं एमॉरल करतो, नीतीचं सगळं पुसून टाकतो. “लोक आळशीपणाने सगळ्यांना एकाच पंगतीत बसवतात,” ती म्हणायची. “मी नाही बसवणार.” मी वर्तमानपत्र वाचत हूं हूं करायचो.

मागच्या वर्षी एका सकाळी दात घासताघासता ती खाली बसली. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. दीड महिन्याने हॉस्पिटलमधून घरी आणली तेव्हा तिच्याकडे तीन शब्द उरले होते: ‘बरं’, ‘नको’ आणि ‘खिडकी’. ज्या बाईने चाळीस हजार शब्दांचे अर्थ लिहिले, तिच्याकडे तीन. त्यात माझं नाव नाही याचा मला राग आला होता, हेही सांगून टाकतो.

डॉक्टर म्हणाले, “यांना किती समजतं ते आत्ता सांगता येणार नाही.” मी ‘किती’ ऐकलं आणि मनात ‘थोडं’ लिहून घेतलं. तपासनीस म्हणे मी. त्या दिवसापासून मी तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसा बोलायला लागलो. “चला, आता तोंड पुसायचं. शहाणी गं माझी.” ती माझ्याकडे एकटक बघायची. मला वाटायचं, मायेने बघते.

व्यायाम करून घ्यायला एक ताई संध्याकाळी साडेपाचला यायच्या. त्या म्हणाल्या, डाव्या हाताला काहीतरी चाळा द्या. बटणं द्या, मणी द्या. मणी कुठून आणू? कपाटावर ‘ए’चा डबा होता. तो मी तिच्या पुढ्यात ठेवला. तिने झाकणावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

मग ती रोज कार्डं पसरायला लागली. सकाळी नवाला मी पाठीशी उशा लावून तिला बसवायचो, की सुरू. एकच हात, तोही डावा. एक कार्ड उचलून डोळ्यांजवळ न्यायचं, वाचायचं, ठेवायचं. पलंगभर कार्डं. थोडी उशीवर, थोडी मांडीवर, थोडी शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर, चष्म्याच्या घराखाली दाबून. निर्जीव उजवा हात तिने चादरीवर सरळ पसरलेला असायचा आणि त्याच्या कडेकडेने कार्डांची रांग. मी येताजाता म्हणायचो, “वा, केवढा पसारा मांडलाय आज.” ऑफिसातून फोन आला, बाईंचं कुठवर आलं, की मी बेधडक ठोकून द्यायचो, “चाललंय, रोज बसतात त्या.” फोन ठेवून मला खोटं बोलल्याचं वाईट वाटायचं.

पाच वाजले की मी कार्डं उचलायचो. ताई येणार, पलंग मोकळा हवा. एक एक करून कोपऱ्यातल्या तारखा बघायचो, तारखेप्रमाणे लावायचो, डब्यात भरायचो. हाताला वळणच होतं ते. दुसऱ्या कोणी रबर लावून तशीच टोपलीत टाकली असती. मी नाही टाकली. मी नीटनेटका माणूस. वाक्यं मी वाचली नाहीत. तीस वर्षं आधी वाक्यं वाचली आणि मग तारखा, आणि आता नुसत्या तारखा वाचल्या. डबा भरला की तिच्यापुढे, उशाच्या टेबलावर ठेवायचो. ती म्हणायची, “बरं.”

पहिले दोन महिने कधीकधी त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कट्ट्यावरची गड्डी मी उचलली की “खिडकी, खिडकी,” म्हणायची. मी खिडकी लावून घ्यायचो. डॉक्टर म्हणाले, या आजारात रडू आवरत नाही, मनावर घेऊ नका. पुढे रडणं थांबलं. मी डॉक्टरांना आनंदाने कळवलं, सुधारणा आहे.

आणखी एक बदल मी पाहिला होता. सुरुवातीला रोजचा पसारा अगदी एकसारखा असायचा. औषधाच्या बाटलीवरून उतरवलेलं एक कार्ड होतं, ‘ट्वाइस अ डे’चं, दिवसातून दोनदा. त्याच्यावर माझ्याच हातून सांडलेल्या चहाचा डाग. ते नेहमी तिच्या मनगटाशी असायचं. मग ते हिंडायला लागलं. कधी उशीवर, कधी मांडीवर. कट्ट्यावरची गड्डी आधी लहान झाली, मग एक दिवस दिसेनाशी झाली. “काय गं, आज कुठे फिरायला गेलं तुझं डागाचं कार्ड?” मी हसून विचारायचो. ती कार्डाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि ते उचलून दुसरीकडे ठेवायची.

असे सात महिने गेले. छापखाना अडून बसला होता. बाकीचे खंड तयार, पहिला खंड एका अक्षरासाठी थांबलेला. नव्या साहेबांनी पत्र पाठवलं. माणूस वाईट नाही, नुसता घाईचा. महिनाअखेर बाईंकडून ‘ए’ आला तर ठीक, नाहीतर डबा परत मागवून दुसऱ्याकडे द्यावा लागेल, आणि अर्थात आद्याक्षरंही त्याचीच पडतील. महिनाअखेरीला दोन दिवस राहिले होते. डबा न्यायला धाकटी आली.

धाकटी म्हणजे आमच्याकडे सगळ्यात शेवटी लागलेली. आता तिचे केस कानाशी पांढरे झालेत, पण नाव पडलं ते पडलं. आठ वर्षं माझ्या बायकोच्या शेजारच्या टेबलावर बसून शिकली. दार उघडलं तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती. “काका, मला हे काम नको होतं,” दारातच म्हणाली. “पण दुसरं कोणी आलं असतं तर बाईंना आणखी वाईट वाटलं असतं.”

“तिला कुठलं कळतंय,” मी म्हटलं. “थांब, कार्डं पसरलीयेत तिने. गोळा करून देतो.”

ती खोलीत गेली. “बाई, मी आलेय,” म्हणत पलंगाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली. आणि तिने हात पाठीमागे बांधले.

कार्डं उचलायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.

ती पलंगाच्या या बाजूने त्या बाजूला गेली. पुन्हा या बाजूला आली. माझी बायको उशीला टेकून तिच्याकडे बघत होती. असं बघताना मी तिला कित्येक वर्षांपूर्वी पाहिलं होतं, स्वतःच्या टेबलाशी, मी फेऱ्या घालत असताना.

“काका, हे कोणी लावलं?”

“लावलंय कुठलं. हाताला चाळा म्हणून…”

“ही मोजणीतल्या ‘एक’ची गड्डी,” धाकटी हळूच म्हणाली. “ही ‘कोणीतरी एक’ची. ही ‘त्या जातीचा कुठलाही’ची. ही ‘प्रत्येकी’ची. ही स्वरापुढच्या ॲनची वेगळी. काका, सगळं लागलंय. आपल्याकडे एवढं स्वच्छ कोणी लावलं नसतं.” मग ती मांडीवरच्या जाड गड्डीपाशी थांबली. “फक्त ही एक. इथे बाईंनी अस्लीप, अफ्लोट उपपदातच घातलेत. नकारवाला पण इथेच कोंबलाय. बाई असं कसं करतील? एक घर तीन चुली, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं.”

“खिडकीत होती,” मी म्हटलं.

“काय?”

“ती गड्डी. आधी खिडकीत असायची. वेगळी. चष्म्याच्या घराखाली.”

“मग इथे कशी आली?”

तिने टेबलावरच्या रिकाम्या डब्याकडे बघितलं. “काका, संध्याकाळी कार्डं डब्यात कशी भरता तुम्ही?”

“तारखेप्रमाणे.”

धाकटी खुर्चीवर बसली. तिचाही डबा मी कितीदा परत ठेवला होता, तिला सांगायला नको होतं.

तेवढ्यात पाच वाजले. माझ्या बायकोने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि रोज करायची तेच केलं. डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला, मला त्याच्या कडेची कार्डं काढायला सोपं जावं म्हणून.

सात महिने. हॉस्पिटलच्या फेऱ्यांचे दिवस वजा जाता दोनशे सात संध्याकाळी. त्या प्रत्येक दिवशी ही बाई एका हाताने चारशे बारा कार्डं लावत होती आणि प्रत्येक संध्याकाळी तिचा नवरा, तिचा तपासनीस, एक अक्षर न बोलता सगळं मोडून, तारखेप्रमाणे लावून, डबा तिच्यापुढे ठेवत होता. चुकलं, परत. ती बरं म्हणत होती आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून बसत होती. पूर्वी बरं म्हणून झालं तरी शेवटी ती तरातरा येऊन भांडायची. भांडायला तोंड लागतं. तोंड नव्हतं, म्हणून ती स्वतःतच चूक शोधत राहिली. चूक नव्हतीच, तेव्हा सापडणार कशी? सापडेना, म्हणून जे बरोबर होतं तेच मोडायला लागली. डागाचं कार्ड हिंडायला लागलं. खिडकीतली गड्डी संपली. कुंपणाने शेत खाल्लं, आणि वर शेताला विचारलं, काय गं, आज कुठे फिरायला गेलं तुझं पीक.

“साहेबांकडून मी चार दिवस मागून घेते,” धाकटी म्हणाली. “तुम्ही बाईंशी बोला.” आणि फोन घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली.

मी पलंगाच्या कडेला बसलो. बायकोने हात अजून उचलून धरलेला होता. मी तो हळूच खाली ठेवला. मला तेव्हा काय कळलं ते सांगतो, कारण त्याचीच मला जास्त लाज वाटते. मला कळलं, की तिला खरं सांगणं हे दोनशे सात वेळा परत पाठवण्यापेक्षा वाईट आहे. तिच्या मते मी रोज तिचं काम वाचत होतो. नापास करत होतो, पण वाचत होतो. अख्ख्या जगाने तिला खुळी ठरवलं तरी एक माणूस तिला अजून लिहिणारी समजतो, तिच्याशी पूर्वीइतकाच कठोर वागतो, या एका गोष्टीवर ती सात महिने रोज सकाळी उठून बसत होती. आणि मी तर काही वाचलंच नव्हतं.

म्हणून मी सोपी वाट धरली. ड्रॉवरमधून लाल पेन्सिल काढली. “जमलं आज,” मी म्हटलं आणि पहिल्या गड्डीवर खूण केली. दुसऱ्या गड्डीवर केली. हात पाठीमागे बांधून बघायचंही मला सुचलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघतच दोन्ही खुणा केल्या. ती हसेल असं वाटत होतं. मांडीवरच्या जाड गड्डीशी पेन्सिल नेली, तर तिने माझं मनगट धरलं.

तिच्या डाव्या हातात इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं. तिने गड्डीतलं अस्लीपचं कार्ड काढलं, माझ्यासमोर धरलं. मग खिडकीच्या कट्ट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. दिवसभरात मी तिला पन्नास प्रश्न विचारायचो, पण सात महिन्यांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. निदान मला कळलेला पहिला.

ती गड्डी तशीच पास करून टाकली असती तर तिच्या नावाने चूक छापली गेली असती. तीस वर्षं केलेलं काम कधीकधी माणसाला खोटं बोलू देत नाही.

“तिथेच बरोबर होती,” मी म्हटलं. “खिडकीत.”

तिने मनगट सोडलं नाही.

“पहिल्या दिवसापासून बरोबर होतं सगळं.”

ती वाट बघत राहिली. मला रडू फुटलं होतं. “मी बघितलंच नाही गं. एकदाही नाही. मला वाटलं, तू खेळतेस.”

तिने मनगट सोडलं. ती रडली नाही. मी काय काय बोलत होतो, माफ कर म्हणत होतो. ती माझ्याकडे एकटक बघत राहिली, तसंच, जे मला इतके दिवस मायेचं वाटत होतं. मग तिने मान वळवली आणि जाड गड्डी उलगडायला घेतली.

साडेपाचला ताई आल्या, त्यांना धाकटीने परत पाठवलं. एक कार्ड, मग दुसरं. अस्लीप. अफ्लोट. अलाइव्ह. एक एक उचलून तिने कट्ट्यावर नेलं. नकाराची कार्डं वेगळी, उशीपलीकडे. कट्ट्यावरच्या गड्डीवर चष्म्याचं घर ठेवलं. सगळ्यात शेवटी डागाचं कार्ड. ते ना इकडे ना तिकडे, दोन्हींच्या मधोमध, मनगटाशी. धाकटी ते बघून म्हणाली, “हो बाई. ते मूळचं उपसर्गाचं भावंड, उपपदाच्या घरात नांदायला गेलेलं.” माझी बायको म्हणाली, “बरं.” धाकटीला म्हणाली.

पुढचे चार दिवस धाकटी येऊन लिहीत बसायची. वाक्य वाचून दाखवायची. पटलं की ‘बरं’, नाही पटलं की ‘नको’. या दोन शब्दांवर तिने अख्खा ‘ए’ लिहवून घेतला, अडीच पानं. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचो. एकदा कुठल्यातरी वाक्याला तिने लागोपाठ नऊ वेळा ‘नको’ म्हटलं आणि धाकटी हसायला लागली, तर तीही हसली. ते हसणं मी पातळ भिंतीतून ऐकलं.

चौथ्या दिवशी खुणा करायची वेळ आली. धाकटीने मला आत बोलावलं. मी पेन्सिल घेऊन उभा राहिलो, या खेपेला हात पाठीमागे बांधून. बायकोने तळहात पुढे केला. मी पेन्सिल त्यावर ठेवली. तिने माझ्या जुन्या दोन खुणा आधी अंगठ्याने घासल्या, त्यांचा लाल ओघळ झाला, आणि त्याच्या शेजारी डाव्या हाताने स्वतः खूण केली. मग सगळ्या गड्ड्यांवर. वाकड्यातिकड्या, पण प्रत्येक कार्डावर नेमक्या जागी. लिहिणाऱ्याने स्वतःच्या कामावर खूण करायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

छापलेलं पहिलं पान मागच्या महिन्यात आलं. ‘ए’च्या खाली तिची आद्याक्षरं आहेत. पान आम्ही पलंगासमोर भिंतीला लावलंय. ती ते बघत असते.

तिच्याकडे अजून तेच तीन शब्द आहेत. ताई म्हणतात, हात वर करा, की ती ‘बरं’ म्हणते. धाकटी म्हणते, येते बाई, तिलाही ‘बरं’. ताईंच्या हातून ती पाणी पिते, धाकटीने केलेला चहा पिते. पाच वाजता आता मला काम नसतं, म्हणून मी चहा करतो. साखर तिला लागते तेवढीच, कप तिचाच. उशाच्या टेबलावर ठेवतो आणि उभा राहतो. ती कपाकडे बघते. मग डाव्या हाताने, सांडू न देता, तो माझ्या बाजूला सरकवते.

‘बरं’ नाही, ‘नको’सुद्धा नाही. त्या दोन खोट्या खुणांची ही शिक्षा आहे, की दोनशे सात संध्याकाळींची, की ‘खेळतेस’ या एका शब्दाची, हे मला कळत नाही. चूक दाखवली असती तर मी तेवढीच सुधारली असती. मी कप परत नेतो, विसळतो, पहिल्या दिवसापासून सगळं पुन्हा तपासत बसतो, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता नव्याने चहा ठेवतो.